लिंबाखालची पीकपाहणी

संपादकांनी मला फोनवर बजावलंय की अनुभव लिहा, कायदा लिहू नका. त्यांची भीती मला समजते. तलाठ्याच्या हातात कोरा कागद आला की तो आधी समास आखतो, मग विषय लिहितो, मग संदर्भ, आणि वाचणारा संदर्भापाशीच डुलक्या घ्यायला लागतो. मी तसं करणार नाही. पण चिमूटभर कायदा घातल्याशिवाय यातली गंमत कळणार नाही आणि माझी चूकही कळणार नाही, तेव्हा तेवढा गोड मानून घ्या.

मी बुलढाणा जिल्ह्यात तलाठी होते. अलीकडे शासनाने आमच्या पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. आमच्या भागात आधीही पटवारी म्हणत, आताही पटवारीच म्हणतात, आणि बाई असली तर पटवारीनबाई. माझे वडील मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या बाजूला, दुसऱ्याच्या वावरात वर्षाच्या बोलीवर राबत. आमच्याकडे त्याला सालदार म्हणतात. आमच्या घरात कुणाच्याच नावे कधी सातबारा नव्हता, आणि मी नोकरीला लागले ती गावभराचे सातबारे लिहायला! पहिल्याच गावात एक वयस्क गृहस्थ माझ्या हातून उतारा घेत नसत. "टेबलावर ठेवा," म्हणत. मग मी त्यांच्या उताऱ्यावर शिक्का मारायला विसरायला लागले. दर वेळी विसरत असे, आणि दर वेळी त्यांना दुसरी खेप पडत असे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी हात पुढे केला. मलाही एकदम शिक्का आठवला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शेतकऱ्यांसाठी शासनाचं धोरण म्हणजे मुंबईत ठरणारी फार गंभीर गोष्ट आहे. असेलही. आमच्याकडे ती पत्राच्या रूपाने येते आणि पत्राच्या डोक्यावर तिचा प्राधान्यक्रम लिहिलेला असतो. त्याचा अर्थ मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवला होता. 'तातडीचे' असेल तर आठवड्यात करायचं, 'अतितातडीचे' असेल तर महिन्यात करायचं, आणि 'सर्वोच्च प्राधान्य' असेल तर पुढच्या पत्राची वाट पाहायची, कारण तोवर प्राधान्य बदललेलं असतं. एका वर्षी झाडं लावण्याला प्राधान्य होतं, एका वर्षी शेततळ्यांना. मग सातबारा संगणकावर चढवण्याला आलं. मध्येच एकदा शेतकऱ्याच्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची मोहीम निघाली. ती मला मनापासून आवडली आणि मी घरोघर जाऊन नावं लावली. तीन महिन्यांनी एक नवरोबा तावातावाने आला, "बाई, तिचं नाव काढा. माहेरी निघून गेली ते."

मी म्हटलं, "नाव लावायचा अर्ज आहे माझ्याकडे, काढायचा नाही. तिची सही घेऊन या, मग बघू."

"सही घ्याले तिच्या माहेरी जा लागन!"

"हो, तर जा ना."

तो गेला. आठ दिवसांनी दोघं एसटीतून उतरताना दिसली. नाव आजही आहे. या प्रकरणाचा समावेश कुठल्याच अहवालात झाला नाही.

आता कायदा. सातबारा म्हणजे दोन नमुने एका कागदावर. सात सांगतो जमीन कुणाच्या नावावर आहे. बारा सांगतो त्या जमिनीत यंदा काय उभं आहे. कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा, विहीर, पड, जे असेल ते. सात बदलायला खरेदी, वारस, वाटणी अशी काहीतरी मोठी गोष्ट घडावी लागते. बारा मात्र दर हंगामात नव्याने लिहायचा आणि त्यासाठी तलाठ्याने प्रत्येक गटात, म्हणजे जमिनीच्या नंबर दिलेल्या तुकड्यात, पायांनी जाऊन डोळ्यांनी पाहायचं, असा नियम होता. याला पीकपाहणी म्हणतात. आता शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटो काढून ती भरतो, पण मी सांगतेय तो काळ वहीचा होता.

माझं पहिलं गाव देऊळघाटाच्या पुढे, थोडं आडवळणाला. नाव लिहीत नाही, कारण या अंकाचे वर्गणीदार तिथेही आहेत. माझी मुलगी तेव्हा लहान होती, बुलढाण्याहून येणारी एसटी दिवसातून दोनदा, आणि गावाचं शिवार चांगलं पसरलेलं. चावडीसमोर मात्र एक डेरेदार लिंब होता, आणि लिंबाखाली भास्कर नावाचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे पटवाऱ्याचा गावातला हात, पाय आणि कान. भास्करला अख्खं शिवार तोंडपाठ होतं. मी वही उघडायची, एकेक नाव वाचायचं, आणि त्याने बिडी विझवून सांगायचं.

"शालीग्राम?"

"शालीग्रामभाऊचा संत्रा. लिवा मॅडम."

"कमलाबाई?"

"कमलाबाईची पऱ्हाटी. काठानं तूर."

दोन चहात गाव संपायचं. तालुक्यात पीकपाहणी सगळ्यांत आधी पुरी करणाऱ्या तलाठ्यांत माझं नाव असायचं आणि बैठकीत साहेब माझ्याकडे बोट दाखवून इतरांना म्हणायचे, "बघा, बाईमाणूस असून." मी मान खाली घालून विनयाने हसायची. तेव्हाचं ते हसू आठवलं की आज माझे कान गरम होतात.

भास्कर खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. शालीग्रामभाऊंचा संत्राच होता आणि कमलाबाईंची पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच, होती. पण भास्कर माणसं सांगत होता आणि मी गट लिहीत होते. ज्याच्या नावावर जो गट, त्या गटात त्या माणसाचं पीक. हे दोन्ही एकच असतं असं मी धरून चालले होते. बहुतेकांच्या बाबतीत ते एकच असतं. शालीग्रामभाऊ आणि कमलाबाईंच्या बाबतीत नव्हतं.

मी तिथे पाच वर्षं काढली आणि बदलून गेले. जिल्हाभर फिरले, वरवट बकालच्या बाजूलाही होते. बढतीची माझी फाइल माझ्याआधी निवृत्त झाली, त्यामुळे मी तलाठीच राहिले. शेवटच्या वर्षात बदलीचा आदेश आला तो त्याच गावाचा. भास्कर तोवर वारला होता. लिंब होता.

पहिल्याच आठवड्यात कमलाबाई आल्या. मी पाहिल्या होत्या त्या तिशीतल्या, आता केस पांढरे, कंबर ताठ. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"पटवारीनबाई, एक मानूस माह्या वावरात फीत घेऊन फिरून राह्यला. मी इचारलं काय मोजून राह्यले, तं म्हनते इथं पेट्रोल पंप होते. आता पऱ्हाटीत पंप कसा होईन, तुमीच सांगा."

"कुणी पाठवला त्याला?"

"विजूनं. शालीग्रामभाऊचा विजू, पुन्याचा. तो वावर इकून राह्यला."

"तुमचं वावर विजू कसं विकेल?"

कमलाबाई दारातून एक पाऊल आत आल्या. मग म्हणाल्या, "काऊन, तुमाले माईत नाही? वावर माहं हाये, कागद त्यायचा हाये. तुमीच तं लिवत होत्या."

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. त्यांचे सासरे आणि शालीग्रामभाऊंचे वडील जिवाभावाचे दोस्त. एकाची जमीन नाल्याकडे, दुसऱ्याची रस्त्याकडे, आणि दोघांनाही दुसऱ्याची जागा सोयीची. तेव्हा दोघांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नारळ फोडला आणि वावरं बदलली. रस्त्याकडची कमलाबाईंच्या घराला, नाल्याकडची शालीग्रामभाऊंच्या घराला. कागद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दोस्तीत कागद मागणं म्हणजे संशय घेणं. पुढच्या पिढीने रस्त्याकडच्या वावरात विहीर खोदली, नाल्याकडच्या वावरात संत्र्याची बाग उभी केली. सगळं ठीक चाललं होतं, कारण रस्ता म्हणजे तेव्हा बैलगाडीची चाकोरी होती. आता तिथून मोठा डांबरी रस्ता गेला आणि पुण्यात बसलेल्या विजूने मोबाइलवर नकाशा उघडून पाहिलं. बापाच्या नावावरचा गट थेट रस्त्याला लागून! गिऱ्हाईकही मिळालं.

शासनाच्या कुठल्याच प्राधान्यात कमलाबाई कधी बसल्या नव्हत्या, हेही त्या दिवशी कळलं. विहीर होती पण सौर पंपाचा अर्ज दोनदा परत आलेला. गट तुमच्या नावे नाही. नुकसानीचे पंचनामे झाले तेव्हाही तेच उत्तर. कागदावर त्यांच्या घराचा गट नाल्याकडचा, आणि तिथे तर शालीग्रामभाऊंची बाग.

"वावर गेलं तं मी पोरींच्या दारात जाऊन बसू काय? त्या ठेवून घेतीन. मले ठेवून घ्याचं नाही," कमलाबाई म्हणाल्या, आणि एवढं बोलून निघून गेल्या.

इथे मला शासनाचं कौतुक करायचं आहे आणि ते मी क्वचित करते, म्हणून नीट ऐका. अशा अदलाबदलीसाठी शासनाने 'सलोखा' नावाची योजना आणली आहे. दोन शेतकरी बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांची जमीन कसत असतील, तर नाममात्र शुल्कात त्यांना आपापल्या ताब्यातली जमीन आपापल्या नावावर करून घेता येते. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर जाऊन शेजाऱ्यांसमोर पंचनामा करतात, दोघं राजी असले की दस्त होतो. ज्याने कुणी मंत्रालयात हे सुचवलं त्याने आयुष्यात एकदा तरी धुऱ्यावर उभं राहून भांडण ऐकलं असणार. अट एकच जाचक, दोघं राजी पाहिजेत.

आणि शालीग्रामभाऊ कमलाबाईंशी बोलत नव्हते. कारण जमीन नव्हती, ग्रामपंचायत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एक जागा महिलांसाठी राखीव झाली, कमलाबाई उभ्या राहिल्या आणि समोर शालीग्रामभाऊंच्या सौभाग्यवती. मतं समसमान पडली. चिठ्ठी काढली, ती कमलाबाईंची निघाली. तेव्हापासून शालीग्रामभाऊंनी अबोला धरला होता. खुद्द हरलेल्या वहिनी मात्र कमलाबाईंकडे रोज ताक न्यायला जात. त्यांना निवडणूक विसरून जमाना झाला होता.

मी शालीग्रामभाऊंकडे गेले. त्यांनी चहा मागवला, खाट झटकली आणि सलोख्याचं नाव काढताच आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा आणला.

"पाहा बाई. नाव कोनाचं? माहं. पीक कोनतं? संत्रा. म्हंजे बाग माह्या नावावर हाये का नाही? अन् विजू म्हनते नकाशात रोडवरचं वावर बी माह्या नावावर हाये. म्हंजे दोन्ही माहेच. मंग सलोखा कायले पाहिजे?"

मी कागद हातात घेतला. गट रस्त्याकडचा. पीक, संत्रा. संत्रा म्हणजे बहुवार्षिक पीक, एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं पुढे चालत राहतं. माझ्यामागून आलेल्या प्रत्येक तलाठ्याने माझ्या पानावरून ते पुढच्या पानावर उतरवलं होतं, आणि संगणक आला तेव्हा संगणकानेही माझ्यावर विश्वास ठेवला होता. रस्त्याकडच्या वावरात संत्र्याचं एक झाड नाही! कधीच नव्हतं. लिंबाखाली बसून मी तिथे बाग लावली होती, आणि त्या बागेच्या जोरावर एक भला माणूस स्वतःला दोन्ही शेतांचा मालक समजत होता. त्याची नियत खोटी नव्हती. माझा बारा खोटा होता.

"तुमाले काही झालं काय बाई? चहा कडू झाला काय?"

"चहा ठीक आहे," मी म्हटलं. "मला जरा वावरात जायचंय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या दोन वावरांत गेले. नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि मी पहिल्या वर्षाचं काम करत होते. नाल्याकडे संत्र्याची बाग, खोडांना चुना लावलेला, एकेक आळं हाताने रेखलेलं. रस्त्याकडे कमलाबाईंची पऱ्हाटी छातीला लागेल एवढी, मध्ये बांधीव विहीर. माझ्या चपलेत चिखल गेला, लुगड्याला गोखरू चिकटले आणि मला इतकी शरम वाटली की मी विहिरीच्या कठड्यावर थोडा वेळ बसून राहिले. चालत गेलं तर दोन्ही वावरं पाहून तास-दीड तासात परत येता येतं. तेवढं मी पाच वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

त्या हंगामाची पाहणी दोघांनीही मोबाइलवर भरलेली नव्हती, त्यामुळे ती भरायचं काम माझ्याकडेच आलं. मी जे होतं ते लिहिलं. मग दोन उतारे काढले आणि शालीग्रामभाऊंच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"हे माह्या नावचं. पीक कापूस? विहीर एक? बाई, माहा कापूस कुठी हाये?"

"दुसरा कागद बघा."

दुसरा कागद कमलाबाईंच्या घराच्या नावचा. पीक, संत्रा. शालीग्रामभाऊंनी तो दोनदा वाचला, मग खाटेवर पालथा घातला, जणू तो उलटा ठेवल्याने झाडं परत येणार होती.

"माही झाडं तिच्या नावावर?"

"पहिल्यापासून. मी चुकीचं लिहिलं होतं."

"म्हंजे विजूनं रोडवरचं इकलं…"

"तर कमलाबाई बाग विकू शकतात. त्यांनाही गिऱ्हाईक मिळेल. संत्रा छान आलाय."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण इतक्या वर्षांत मला एवढी तरी सवलत मिळाली पाहिजे.

शालीग्रामभाऊंनी पालथा कागद पुन्हा सरळ केला. मग म्हणाले, "त्या बाईले सांगा, माह्याकडे येऊन बोला म्हनावं. मी तयार हाये."

मी कमलाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी काऊन जाऊ? कागद त्यायच्या नावानं हाये, यावं त्यायनं."

असे चार दिवस गेले. तिकडे विजूचा फोन रोज, गिऱ्हाईक सोमवारी इसार घेऊन येतंय. तेव्हा मी पंचनाम्याची तारीख रविवारची धरली आणि मंडळ अधिकाऱ्यांना कसंबसं राजी केलं. सकाळी शालीग्रामभाऊंना निरोप धाडला की कमलाबाई कधीच्या धुऱ्यावर येऊन बसल्या आहेत, तुमचीच वाट पाहतायत. आणि कमलाबाईंना निरोप धाडला की शालीग्रामभाऊ कधीचे येऊन बसलेत. दोघंही मान राखायला धावत आले आणि धुऱ्यावर एकाच वेळी पोचले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

पंचनामा म्हणजे खरं तर साधं काम. कोण कसतं, कधीपासून, विहीर कुणी खोदली, शेजारचे काय म्हणतात. पण आमचे दोन्ही पक्ष चार हातांच्या अंतरावर उभे राहून एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते, आणि मी उगीच तोंड इकडून तिकडे फिरवत होते.

"पटवारीनबाई, त्यायले इचारा, इहीर कोनी खंदली," शालीग्रामभाऊ म्हणाले.

"त्यायले सांगा, माह्या मालकानं खंदली," कमलाबाई म्हणाल्या. "अन् हे बी सांगा का पयला दगड त्यायनंच फोडला होता. दोघं सोबत उतरले होते इहिरीत. त्यायले याद नसन."

शालीग्रामभाऊंनी विहिरीकडे पाहिलं. मंडळ अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"याद हाये," ते म्हणाले. हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नाही. "खालून पानी आलं तवा तो नाचला होता. मी म्हटलं, आबे बाहेर नीघ आंधी, मंग नाच."

कमलाबाईंनी पदराने तोंड झाकलं. हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही आणि मी वाकून पाहिलंही नाही. शेजाऱ्यांनी सह्या केल्या, शालीग्रामभाऊंनी केली, कमलाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा शालीग्रामभाऊंनी त्याला चहा पाजला, बाग दाखवली, संत्र्याची एक पिशवी भरून दिली आणि बोळवलं. विजू आठवडाभर फोनवर चिडला. मग त्यालाही संत्री गेली.

पण दस्त होण्याआधी कागद तहसीलला गेले आणि तहसीलदारांनी मला बोलावलं. तरुण होते, पुण्याकडचे, हुशार. समोर पंचनामा आणि जुन्या वहीची पानं.

"पंचनामा सांगतो ताबा पहिल्यापासून अदलाबदल. पाहणी सांगते ज्याचं नाव त्याचंच पीक. यातलं एक खोटं आहे. आणि दोन्हींवर सही तुमचीच."

"पाहणी खोटी आहे, साहेब."

"शेतात गेला नव्हतात?"

"लिंबाखाली बसले होते."

ते हसले, मग हसू आवरलं. "हे लेखी द्यावं लागेल. नाहीतर मला हे प्रकरण परत पाठवावं लागेल. निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने."

"विचार करा. चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतील."

खरं सांगायचं तर मोह झाला. भास्कर सांगायचा म्हणून मी लिहायची, एवढं एक वाक्य पुरेसं होतं, आणि भास्कर उत्तर द्यायला येणार नव्हता. पण सातबारा नसलेल्या घरातून आलेल्या मी, हातात लेखणी आल्यावर एका बाईचं अख्खं शेत दुसऱ्याच्या कागदात ढकलून दिलं होतं, तेही चहा पीत. ते मेलेल्या माणसावर ढकलायचं म्हणजे फारच झालं. मी तिथेच बसून लिहून दिलं. रीतसर कारणे दाखवा नोटीस आली. तिच्या उत्तरात कारण या रकान्यात मी लिहिलं, 'शेतात गेले नाही, हेच कारण.' माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आखूड आणि सगळ्यात खरा अहवाल.

दस्त झाला, फेरफार मंजूर झाला. पेन्शनचे कागद बरेच दिवस अडकले, ते सांगून तुमची दिवाळी खराब करत नाही. निरोप समारंभात माझ्या कार्यतत्परतेचा उल्लेख झाला. मी पुन्हा मान खाली घातली, पण या वेळी विनयाने नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हंगामात कमलाबाईंचा फोन आला. "पटवारीनबाई, मी मोबाइलवर पीकपाहनी शिकली. तुमी येजा. तुमी आल्याबिगर मी करत नाही."

मी गेले. त्यांनी चहासुद्धा न देता मला थेट वावरात नेलं. चारही धुरे फिरवले, एकही चुकवू दिला नाही. सौर पंप बसलेला होता, पाण्याची एक नळी नाल्याकडच्या बागेकडे गेलेली होती. मी त्याबद्दल काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. मग मला पऱ्हाटीच्या मधोमध उभं करून त्या चार पावलं मागे गेल्या आणि मोबाइल वर धरला.

"कमलाबाई, फोटो पिकाचा काढायचा असतो. मी बाजूला होते."

"हालू नका."

"अहो, तो फोटो सरकारकडे जातो."

"मंग? सरकारले बी पाहू द्या," डोळे बारीक करून पडद्याकडे बघत कमलाबाई म्हणाल्या. "पटवारीनबाई वावरात आल्या होत्या, हे कुठी तरी लिवलेलं असू द्या."

त्यांनी बटण दाबलं. महाराष्ट्र शासनाच्या दप्तरी त्या हंगामात कमलाबाईंच्या गटात पीक म्हणून कापूस नोंदला गेला आहे. फोटोत मात्र चष्मा लावलेली, पदराला गोखरू चिकटलेली, एक निवृत्त तलाठी उभी आहे.